बचतीचा उजेड

आमच्या घरात 'बचत' या शब्दाचा अर्थ पुष्कळ वर्षे अंधार असाच होता. वीज वाचवायची म्हणजे दिवा मालवायचा, आणि दिवा मालवायचा म्हणजे कुणीतरी हातातले काम अर्धे टाकून उठायचे. ते काम बहुतेक वेळा अम्मीचे असे, नाहीतर आम्हा मुलांचे. अब्बांचे काम कारखान्यात असल्यामुळे तिथल्या उजेडाची काळजी शेठला होती. घरातल्या उजेडाची काळजी मात्र ज्याला तो हवा असेल त्यानेच करायची, असा अलिखित नियम होता.

आमच्याकडे बोलताना माणूस स्वतःलाही 'हम' म्हणतो. आम्ही शिकलो उर्दू माध्यमात आणि बी.एड. करून उर्दू माध्यमाच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. मराठीत लिहायला बसलो तरी 'मी' हा शब्द लेखणीतून लवकर उतरत नाही, म्हणून हा मजकूर 'आम्ही' मध्येच लिहितो आहोत. शिवाय दिव्याची गोष्ट एकट्याची नसतेच. खोलीत दिवा एकच असला की सगळे घर त्याच्याखाली येते.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मोसम नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या गावात लूमची खटखट दिवसरात्र चालते आणि थांबते ती जुम्म्याला. अब्बा बारा बारा तासांच्या पाळीने लूम चालवायचे. आम्ही एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वीज मालकांच्या मीटरवरची. आमच्याकडे मीटर नव्हता, होते ते 'पॉइंट'. दर पॉइंटमागे महिन्याला ठरलेली रक्कम भाड्याबरोबर द्यायची. दिवा लावा, नका लावू, रक्कम तीच. पण ६० वॅटच्या वरचा बल्ब लावायचा नाही आणि रात्री अकरानंतर मोठा दिवा चालू दिसता कामा नये, अशी मालकांची ताकीद होती. त्यांचेही चूक म्हणता येत नाही. सात भाडेकरूंचे बिल एकाच मीटरवर आले की युनिट वाढत जातात तसा दरही वरच्या टप्प्यात जातो, आणि ते बिल त्यांना भरायचे असते.

अम्मी घरी शिलाई करायची. तिचे मुख्य काम बुरख्याचे. काळ्या कापडावर काळा दोरा. दिवसा स्वयंपाक, पाणी भरणे, मुले. शिलाईला वेळ मिळायचा तो मगरिबनंतर. ज्यांनी कधी पिवळ्या बल्बखाली काळ्या कापडावर तुरपाई केली असेल त्यांनाच हे कळेल. टाका दिसत नाही, बोटांना लागतो. अम्मी डाव्या हाताच्या अंगठ्याने टाका चाचपायची आणि उजव्या हाताने पुढचा घालायची. निळसर काळा आणि निव्वळ काळा हे दोन दोरे तिला रात्री वेगळे ओळखता येत नसत, म्हणून ती सकाळीच उंबऱ्यात जाऊन रिळे निवडून ठेवायची.

त्यात व्होल्टेजचा त्रास. आजूबाजूचे कारखाने भरात आले की आमचा बल्ब लालसर होऊन जायचा. पुढे शिकवायला लागल्यावर याचे गणित कळले. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर पिवळ्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे साठचा बल्ब नावाला साठ. जुम्म्याला लूम बंद असत, तेव्हा तोच बल्ब लख्ख पेटायचा. आठवड्यात आमच्या घरात सर्वांत जास्त उजेड जुम्म्याच्या संध्याकाळी असे, आणि गळ्याचे, बाह्यांचे नाजूक काम अम्मी त्या संध्याकाळसाठी राखून ठेवायची. सगळे गाव सुट्टीवर असताना तिचे काम भरात असे.

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची गेली. आमची दहावी त्याच काळातली. लूम बंद पडले की मजुरी बंद, कारण मजुरी कापडाच्या हिशेबाने मिळते. अब्बा कारखान्याच्या दारात विजेची वाट बघत बसायचे आणि आम्ही घरात कंदिलाजवळ. त्या दिवसांत 'वीज वाचवा' अशी पाटी कुठे वाचली की आम्हा भावंडांना हसू यायचे. वाचवायला आधी असावी तर लागते!

पुढे विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा या पिवळ्या बल्बकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्याच्या पोटात टंगस्टनची बारीक तार असते. बर्की रौ, म्हणजे विद्युतप्रवाह, तिच्यातून गेला की ती तापते आणि इतकी तापते की उजळते. पण शंभर भाग वीज घेतली तर उजेड होतो जेमतेम पाच-सात भागांचा. बाकीची सगळी हरारत, उष्णता. मुलांना हे पटत नाही. मग आम्ही विचारतो, कोंबडीच्या लहान पिलांवर बल्ब का टांगतात? लगेच हात वर होतात. "सर्दी न लगे इसलिए!" मग सांगतो, तोच बल्ब आपण घरात मे महिन्यात लावतो. पिलांना ऊब देणारी चूल छताला टांगून तिच्या उरल्यासुरल्या उजेडात आपण वाचत बसतो.

घरातला 'झिरो' हाही असाच. झिरो म्हणजे शून्य वॅट अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात तो जुना झिरोचा बल्ब बारा ते पंधरा वॅट घेतो. रात्रभर आठ तास जळला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. आजचा अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा तेवढ्याच वेळात महिन्याला एक अष्टमांश युनिटही घेत नाही. वर्गात फळ्यावर हा हिशेब मांडला की मुलांना गणिताची गोडी लागते, कारण झिरो प्रत्येकाच्या घरी असतो आणि त्याच्या नावातच फसवणूक आहे.

पिवळ्यानंतर आमच्या घरात सीएफएल आला. २००९ साली केंद्र सरकारने 'बचत लॅम्प योजना' काढली होती. जुना पिवळा बल्ब द्यायचा आणि १५ रुपयांत सीएफएल न्यायचा, अशी तिची कल्पना. आमचा पहिला सीएफएल मात्र बाजारातून घेतलेला होता आणि त्या दिवसांत तो महागच वाटला होता. १५ वॅटमध्ये साठच्या बल्बइतका उजेड. अम्मीला तो आवडला नाही. बटण दाबल्यावर पूर्ण उजळायला वेळ घ्यायचा. "ये भी नींद से उठता है क्या?" ती म्हणायची. त्यात थोडासा पारा असतो, काही मिलिग्रॅम. फुटला तर खिडक्या-दारे उघडून माणसांनी थोडा वेळ बाहेर थांबायचे आणि तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने उचलायचे, हे आम्ही घरात सगळ्यांना शिकवून ठेवले होते. दोन खोल्यांच्या घरात बाहेर थांबणे म्हणजे बोळात थांबणे. तरीही सीएफएलने एक गोष्ट केली. कमी वीज म्हणजे कमी उजेड हे जे समीकरण आमच्या डोक्यात घट्ट बसले होते, ते पहिल्यांदा हलले.

ते पुरते मोडले एलईडीने. लाल रंगाची एलईडी १९६२ पासून होती. टेपरेकॉर्डरवर लाल ठिपका पेटायचा तो तिचाच. हिरवीही निघाली. अडले होते निळ्यापाशी. निळा मिळाल्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. तो निळा प्रकाश १९९० च्या दशकात मिळवला, त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर थर दिला की पांढरा उजेड तयार होतो. ही हकीकत आम्ही वर्गात दर वर्षी सांगतो. एका रंगासाठी माणसे तीस वर्षे खपली, हे नववीच्या मुलांना कळले पाहिजे.

५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली. नाव ऐकून अम्मीला पहिल्यांदा कपड्यांची नीळ आठवली. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. बल्ब घ्यायला वीजबिलाची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागायचे. आणि इथेच आमची गाडी अडली. ओळखपत्र होते, बिल नव्हते. घरात वीज होती, तिचे पैसे आम्ही वर्षानुवर्षे देत होतो, पण वीज कंपनीच्या कागदावर आमचे घर अंधारातच होते.

बाजारातून एलईडी घेता आला असता, आणि एक घेतलाही. पण घरात एक हिशेब निघाला आणि तो कुणाला सोडवता येईना. पॉइंटची रक्कम ठरलेली. साठच्या जागी नऊ वॅटचा लावला तरी आम्ही द्यायचे तितकेच देणार. बल्बचे पैसे आमचे आणि वाचलेले युनिट मालकांचे. धाकटा भाऊ म्हणाला, "मग पिवळाच बरा. सोळा रुपयांचा आहे." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. अब्बा गप्प राहिले. अम्मी एवढेच म्हणाली, "युनिट उनका, आँखें तो मेरी हैं ना?"

त्या वाक्यानंतर आम्ही स्वतंत्र मीटरचा विषय काढला. हा विषय वाटतो तेवढा साधा नाही. भाडेकरूच्या नावाने मीटर बसला की तो ताब्याचा पुरावा होतो, अशी धास्ती मालकांना असते. ना-हरकत लिहून द्यायला ते तयार होईनात. आम्ही शिकलेले, अर्ज-विनंत्या लिहिणारे. आमचे दोन अर्ज त्यांनी वाचले आणि परत दिले. शेवटी अम्मी स्वतः त्यांच्या घरी, त्यांच्या बेगमकडे गेली. तिथे काय बोलणे झाले ते तिने कधी पुरते सांगितले नाही. त्या बाईंचे बुरखे अम्मीच शिवायची, एवढे आम्हांला ठाऊक. आठ दिवसांनी ना-हरकत मिळाली. सोबत आमच्याकडून एक कागद लिहून घेतला, की मीटर आहे म्हणून घरावर हक्क सांगणार नाही. अब्बांनी सही केली. मीटर कुणाच्या नावाने घ्यायचा, हा प्रश्न आला तेव्हा अब्बाच म्हणाले, "इसके नाम से लो. रात को बत्ती यही जलाती है."

मीटर बसला आणि पहिल्या बिलाची झेरॉक्स घेऊन आम्ही रांगेत उभे राहिलो. चार बल्ब मिळाले. नऊ वॅटचे.

आता हिशेब सांगतो. आधी घरात ६० वॅटचे दोन बल्ब रोज सहा तास, ४० चे दोन तीन तास आणि झिरो रात्रभर. दिवसाचे एक युनिट आणि वर थोडे, महिन्याचे ३२. आता नऊचे दोन, सातचे दोन आणि अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा तितकेच तास जळतात, आणि महिन्याला पाच युनिटही होत नाहीत. वाचले २७-२८ युनिट. विजेचे दर बदलत असतात, म्हणून रुपये लिहीत नाही. पण महाराष्ट्रात घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटांपर्यंत असतो आणि त्याच्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो. ज्या घराचे बिल ११०-१२० युनिटांच्या घोटाळ्यात अडकलेले असते त्या घराला हे २८ युनिट शंभराच्या आत आणून ठेवतात. आम्हांला त्यांनी आणून ठेवले.

पण अम्मीने बिल नंतर पाहिले. आधी दोरा पाहिला. पहिल्याच रात्री तिने दोन रिळे दिव्याखाली धरली आणि म्हणाली, "ये नीला है." एलईडीच्या पांढऱ्या उजेडात निळ्याचा अंश भरपूर असतो, म्हणून पिवळ्या उजेडात काळा भासणारा निळा त्यात निळा दिसतो. उलट लाल रंग स्वस्त एलईडीखाली थोडा मळकट दिसतो, हेही तिनेच काढले. लाल कापडाला दोरा जुळवायचा तर ती अजूनही दिवसाच जुळवायची. पुढे शिलाई मशीनच्या डोक्यावर लावायचा एक छोटा एलईडी आम्ही आणला. त्यामुळे दिवसपाळीहून थकून आलेल्या अब्बांना अंधारात झोपता येऊ लागले आणि त्याच खोलीत अम्मीला उजेडात शिवता येऊ लागले. एकाच दिव्यावरून रोज होणारी कुरबुर संपली. बिलात ही बचत दिसत नाही.

एलईडीचे सगळेच चांगले आहे असे नाही. बिननावाचे स्वस्त बल्ब सहा महिन्यांत लुकलुकायला लागतात. त्यातली एलईडी सहसा जात नाही. जाते ते तिला वीज पुरवणारे छोटे सर्किट, आणि त्याचा शत्रू उष्णता. बंद काचेच्या भांड्यात बल्ब बसवला की आयुष्य घटते. आणि दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. दिवा स्वस्त झाला की तो मालवायची सवय सुटते. पूर्वी वाड्यात जिन्यावर दिवा नसायचा. आता जिन्यावर आहे, मोरीत आहे, दाराबाहेरही आहे, आणि भर दुपारी जळतोही आहे. "नऊच वॅट तर आहे!" हे वाक्य आता घरोघर ऐकू येते. अब्बा मात्र अजून उठून बटण बंद करतात. त्यांना वॅटशी मतलब नाही. जळते आहे आणि कामाचे नाही, एवढे त्यांना पुरते.

वर्गात याच सुमारास आम्ही हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांची गोष्ट सांगतो. आठव्या शतकातले हे खलिफा. राज्याचे काम संपून घरगुती बोलणे सुरू झाले की सरकारी तेलाचा दिवा ते विझवत आणि स्वतःच्या तेलाचा लावत, असे सांगितले जाते. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, का नको हे मुलांना या गोष्टीतून पटकन कळते. एके वर्षी गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही घरचा अभ्यास दिला, की घरातले दिवे मोजा, वॅट लिहा, आठवड्याचे मीटरचे आकडे उतरवून आणा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी कोरी वही घेऊन उभी राहिली. तिची आई घरी कांड्या भरते. ती म्हणाली, "हमारे यहाँ मीटर नहीं है. पॉइंट है. फिर हमारी बचत किस के खाते में लिखूँ?"

प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा होता, पण आमच्या ओळखीचा होता. खलिफांच्या गोष्टीतही खरा मुद्दा तोच आहे, की तेल कुणाचे आणि उजेड कुणासाठी. तेलाचा मालक ठरला म्हणून दिवा बदलता आला. ज्या घराला आपले तेल किती जळते हेच कळत नाही, त्याने काटकसर शिकायची कशी? गावोगावच्या चाळींत, वाड्यांत, झोपड्यांत लाखो घरे अशी पॉइंटवर जगतात. त्यांना बल्ब वाटणे चांगलेच; पण त्याआधी त्यांच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा मीटर लागला पाहिजे. मालकाची धास्ती दूर होईल आणि भाडेकरूला बिल मिळेल, असा सोपा कागद निघाला पाहिजे. नाहीतर बचत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा, हा व्यवहार चालूच राहील.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "वहीत तीन रकाने कर. दिवा कोणता, किती तास जळतो, आणि त्याच्याखाली कोण बसते." तिने तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'अम्मी' लिहून आणले. पुढच्या वर्षीपासून हा तिसरा रकाना आम्ही सगळ्यांनाच देतो. पाहुण्यांच्या खोलीत बारा वॅट आणि चुलीपाशी पाच, असे मुलांचे तक्ते येतात. मग आम्ही फक्त विचारतो, असे का? उत्तर मुले घरी जाऊन शोधतात. काही घरांत बल्बांची अदलाबदल झाल्याचेही कानावर आले आहे.

अम्मीच्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली. त्या पिवळ्या बल्बनेच डोळे खाल्ले, असे ती सगळ्यांना सांगते. डॉक्टर म्हणाले, हे वयाचे आहे. कमी उजेडाने डोळे थकतात, दुखतात, पण त्याने मोतीबिंदू होत नाही. आम्हीही तिला विज्ञान समजावून पाहिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "थकते तो थे ना?" यावर विज्ञानाच्या शिक्षकाकडे उत्तर नव्हते.

आता ती शिलाई करत नाही. पण दर महिन्याला बिल आले की ती ते मागून घेते. आकडे आम्हीच वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात ८१ युनिट आले. ती कागद हातात घेते, वर छापलेल्या आपल्या नावावरून बोट फिरवते, आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवून देते.